राल्फ हरला म्हणून तो नेता नव्हता का?

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत साहित्यातल्या नेत्यांवर जो लेख आलाय त्यात म्हटलंय की विल्यम गोल्डिंगच्या 'लॉर्ड ऑफ द फ्लाइज' या कादंबरीतला राल्फ मुलगा चांगला पण नेता म्हणून फेल, आणि जॅक स्वार्थी असला तरी खरा पॉवरफुल नेता तोच, कारण शेवटी सगळी पोरं त्याच्याकडे गेली. मला हे अजिबात पटलं नाही.

पोरं का गेली ते बघा ना. विमान पडून बेटावर अडकलेली शाळकरी मुलं, मोठं माणूस एकही नाही. पहिल्याच सभेत जॅक म्हणतो चीफ मीच होणार, का तर मी चर्चच्या गायकपथकाचा प्रमुख आहे आणि मला वरचा सूर लावता येतो! चीफ होऊन करणार काय, त्यावर एक शब्द नाही. राल्फ मतांवर निवडून येतो, तेही बरंचसं ज्या शंखाने त्याने सगळ्यांना बोलावलं त्या हातातल्या शंखामुळे आणि दिसण्यामुळे, हे मान्य. पण निवडून आल्यावर तो मागतो काय? डोंगरावर जाळ पेटता ठेवा म्हणजे धूर बघून एखादं जहाज येईल, आणि राहायला झोपड्या बांधा. दोन्ही कामं कंटाळवाणी. झोपडीला सुरुवातीला सगळे येतात मग पोहायला पळतात, उरतात राल्फ आणि सायमन नावाचा एक शांत मुलगा, दोघंच. जॅककडे मात्र डुकराचं मटण आहे, तोंड रंगवून नाचणं आहे, आणि बेटावर राक्षस आहे असं जे पोरांच्या मनात बसलंय त्याची भीती घालणाराही तोच नि त्यापासून वाचवणाराही तोच. जाळ सांभाळायची ड्युटी त्याच्याच पोरांची होती, ती सोडून त्याने त्यांना शिकारीला नेलं आणि नेमकं तेव्हाच जहाज समोरून निघून गेलं. याला इफेक्टिव्ह कसं म्हणायचं?

राल्फच्या चुका आहेतच. जॅक नाराज होऊ नये म्हणून पहिल्याच दिवशी ते गायकपथक राल्फने त्यालाच देऊन टाकलं, पुढे तीच टोळी भाले घेऊन राल्फच्या मागे लागली. सगळ्यांच्या नावांची यादी करायला हवी असं पिगी, म्हणजे राल्फचा चष्मेवाला सोबती, म्हणत होता, ती पण झाली नाही. पहिल्या आगीनंतर गालावर जन्मखूण असलेला एक छोटा मुलगा परत दिसलाच नाही आणि तिथे किती पोरं होती हेच कुणाला धड माहीत नव्हतं. हे मला फार लागतं.

पण सायमनला नाचाच्या उन्मादात सगळ्यांनी मिळून मारलं त्याच्या दुसऱ्या दिवशीचं पान काढून वाचा. पिगी म्हणतो अॅक्सिडेंट होता. जॅक आपल्या पोरांना सांगतो तो राक्षसच होता, वेश बदलून आलेला. एकटा राल्फ म्हणतो की हा खून आहे, आणि त्यात आपणही होतो हे तो नाकारत नाही. आणि शेवटी नौदलाचा ऑफिसर किनाऱ्यावर येतो, विचारतो इथला बॉस कोण, तेव्हा राल्फ मोठ्याने म्हणतो मी. जॅक एक पाऊल पुढे येतो आणि थांबतो, गप्प. इतके दिवस ज्याला चीफ व्हायचं होतं त्याला हिशोब द्यायच्या वेळी ते पद नकोसं झालं, आणि ज्याच्याकडे एकही माणूस उरला नव्हता, ज्याला मारायला बेट पेटवलं होतं, तो उभा राहिला. माझ्या मते दोघांतला फरक इथे आहे, मागे किती पोरं होती त्यात नाही.

गोल्डिंग स्वतः शाळेत शिक्षक होते, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलात होते, मग 1954 साली हे पुस्तक आलं, त्यामुळे त्यांनी हे उगाच लिहिलं नसणार. तुमच्या त्या लेखाच्या लेखकांना एवढीच विनंती की पुढच्या भागात राल्फबद्दल परत लिहा, शेवटची चार पानं समोर ठेवून. पुरवणी कॉलेजची मुलं पण वाचतात, जॅक हाच यशस्वी नेता असं त्यांच्यासमोर नुसतंच सोडून देऊ नका.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा