सोफ्यावर बसवतात तो कार्यक्रम

लेस्टर,
रविवार, रात्री उशिरा

प्रिय संज्या,

तुझा सात मिनिटांचा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. पहिल्यांदा निम्मा कळलाच नाही. मागं कटर चालू, आणि मध्येच तू कुणावर तरी खेकसलास, ‘अरे, ग्रेन उभा धर!’ ते ऐकून मात्र बरं वाटलं. मुद्दा एवढाच ना, की मुक्ता बारावीनंतर इंटिरिअर करायचं म्हणते, इंग्लंडातली ती स्पर्धा मोबाईलवर बघून तिनं डोक्यात घेतलंय, आणि मी इथं राहतो म्हणून तिला चार शब्द सांगून जमिनीवर आणावं. लेका, चुकीच्या मिस्त्रीला काम दिलंस. मी स्वतः तो कार्यक्रम चवीनं बघतो. दिवसभर शोरूममध्ये लोकांना किचनची कपाटं विकायची आणि रात्री घरी येऊन दुसऱ्यांनी केलेल्या खोल्यांना नावं ठेवायची, असं माझं चाललंय.

‘इंटिरिअर डिझाइन मास्टर्स’ म्हणजे बीबीसीचा कार्यक्रम, 2019 पासूनचा. या धंद्यात नाव काढू बघणारे दहाएक जण घेतात. कुणी नुकतं शिकून आलेलं, कुणी दुसरीच नोकरी करणारं. दर आठवड्याला नवी जागा: विद्यार्थ्यांच्या खोल्या, दुकानं, हॉटेलच्या खोल्या. ठरलेलं बजेट, दिमतीला सुतार-रंगारी आणि हातात जेमतेम दोन दिवस. शेवटी परीक्षक येऊन बघतात आणि कुणीतरी घरी जातं. मुख्य परीक्षक मिशेल ओगुंडेहिन. बाई बरीच वर्षं ‘एल डेकोरेशन’ मासिकाची संपादक होती. सूत्रधार पहिल्या वर्षी फर्न कॉटन होती, 2021 पासून अॅलन कार. तो स्टँड-अप करणारा विनोदवीर. स्पर्धक रडकुंडीला आले की हा काहीतरी फालतू बोलून हसवतो. तसा एक माणूस आपल्याही साईटवर हवा होता.

आता तुझा खरा प्रश्न. हे सगळं खोटं असतं का?

दोन दिवसांचं म्हणशील तर तो खेळच आहे. आपण नुसती पुट्टी वाळायला किती वेळ द्यायचो आठव. पुट्टी, घासाई, प्रायमर, परत घासाई, मग दोन हात. पावसाळ्यात तर देवाचं नाव घ्यायचं. इथं सकाळी कपाट रंगवतात आणि संध्याकाळी त्यावर फुलदाणी. सगळीकडे एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड, जिगसॉनं कमान कापायची, भिंतीवर ठोकायची आणि रंग फासायचा. मी टीव्ही थांबवून जवळ जाऊन कडा बघतो. एमडीएफची कापलेली कड आधी सील केली नाही तर रंग पिते ना, तशी ती प्यायलेली स्पष्ट दिसते. समोरून गुळगुळीत, कडेला खरखरीत, वाळवंटासारखी. आमच्या सौ. म्हणतात, तुम्ही कार्यक्रम बघत नाही, पंचनामा करता. शिवाय त्या खोलीत नंतर कोण राहणार, ड्रॉवरचं चॅनेल वर्षभर टिकणार का, हे कॅमेऱ्याला कशाला पडलंय?

आणि ही घाई जुनीच आहे बरं का. 1996 साली बीबीसीनंच ‘चेंजिंग रूम्स’ नावाचा कार्यक्रम सुरू केला. दोन शेजाऱ्यांनी घरांची अदलाबदल करायची, डिझायनरच्या मदतीनं एकमेकांची एकेक खोली दोन दिवसांत बदलायची, सुरुवातीला बजेट 500 पौंड. त्यातला एक किस्सा इथल्या लोकांना अजून तोंडपाठ आहे. एका बाईंचा जुन्या किटल्यांचा संग्रह होता. लिंडा बार्कर या डिझायनरनं त्यासाठी टांगतं शेल्फ करून घेतलं. दिसायला देखणं. त्यावर किटल्या मांडल्या, वर पुस्तकंही ठेवली आणि मंडळी निघून गेली. रात्रीतून ते धाडकन खाली. सुमारे 6,000 पौंडांच्या किटल्यांचा चुरा. मी तो प्रसंग पहिल्यांदा बघितला तेव्हा हसू नाही आलं, पोटात गोळा आला. वजन विचारात घ्यायचं राहिलं की काय होतं, हे माझ्याइतकं तुलाही ठाऊक आहे. फरक इतकाच, की आपल्या वेळी कॅमेरा नव्हता.

पण संज्या, एक गोष्ट त्यात अजिबात खोटी नाही, आणि तीच तुला लिहायला बसलोय. ती म्हणजे तो सोफा.

ज्यांचं काम सर्वांत कच्चं झालं त्यांना मिशेलसमोर सोफ्यावर बसवतात. मग ती विचारते, हे असं का केलंस? हा रंग का? दार उघडल्यावर आधी काय दिसावं म्हणून ही मांडणी? ज्याच्यासाठी खोली केली त्याला काय हवं होतं आणि त्यातलं तू काय ऐकलंस? ‘मला आवडलं’ हे उत्तर तिथं चालत नाही. माझ्या लक्षात आलंय, चांगल्या हाताची पोरंही तिथं गडबडतात. भिंत सुंदर रंगवलेली असते, पण का ते सांगता येत नाही. एखाद्याचं फिनिशिंग सुमार असतं, पण त्याच्या डोक्यात खोली पूर्ण असते, तो बोलायला लागला की आपल्यालाही दिसायला लागते, आणि तो वाचतो.

आपल्याला कधी कुणी असं बसवलं? डिप्लोमाच्या व्हायवामध्ये शीट किती आणि रेंडरिंग स्वच्छ आहे का, एवढंच विचारलेलं मला आठवतं. पुढं धंद्यात पार्टी म्हणायची, ‘आमच्या मेव्हण्यांकडं केलंय तसंच करा, फक्त जरा हेवी दिसू दे.’ आपणही केलं. फॉल्स सिलिंगमध्ये निळे लाइट टाकले, टीव्हीमागं व्हिनिअरचं पॅनेल ठोकलं, बिल घेतलं. मी कोल्हापुरात सात वर्षं काम केलं, आणि त्यातल्या एकाही खोलीबद्दल ‘का’ विचारलं तर मी आजही त्या सोफ्यावर घाम पुसत बसेन. तुझं माहीत नाही, तू माझ्यापेक्षा बरा होतास. त्या शाहूपुरीतल्या आजोबांचं काम आठवतंय? त्यांना रात्री उठताना धरायला काही नव्हतं, म्हणून तू पलंगाच्या कडेपासून बाथरूमच्या दारापर्यंत सागवानी पट्टी भिंतीत धरून नेलीस. नकाशात नव्हती ती. त्यांच्या सुनेला वाटलं डेकोरेशन आहे. माझ्या मते तुझं ते सगळ्यात चांगलं काम.

2022 साली बॅन्जो बील नावाचा गडी जिंकला. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, राहायला स्कॉटलंडच्या पश्चिमेला मल बेटावर, आणि काम काय, तर चीज करायचं. त्याच्या खोल्यांत जुन्या, सापडलेल्या वस्तू असायच्या, आणि तू विचारलंस तर प्रत्येक वस्तू तिथं का आहे हे तो सांगू शकला असता असं वाटायचं. नंतर तिकडच्याच बेटांवरच्या जागा सजवण्याचा त्याचा स्वतःचा कार्यक्रम आला. तो जिंकला तो भाग मागच्या महिन्यात परत बघितला, त्या रात्री मला झोप लागली नाही. हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. चीज करणारा माणूस या धंद्यात आला आणि मी धंदा सोडून हँडलचे कॅटलॉग दाखवतोय.

दुसऱ्या दिवशी उठून मी आमची वरची अडगळीची खोली मोजली. सात फूट बाय साडेसहा. तिथं लेकीला अभ्यासाला जागा करायची म्हणतोय. टेबल काढायच्या आधी तिला विचारलं, तुला तिथं काय करायचंय? ती म्हणाली, ‘दार बंद करायचंय.’ बस्स, एवढंच. तीन आठवडे झाले, नकाशा अजून त्या एका वाक्यावरच अडलाय, कारण दार आत उघडतं आणि टेबल ठेवलं की ते बंद होत नाही. सरकतं दार करायचं तर त्या बाजूची भिंत पोकळ जिप्समची, आतला लाकडी सांगाडा कुठं आहे ते ठोकून शोधतोय. शेजारच्या म्हाताऱ्यानं दोनदा विचारलं, सगळं ठीक आहे ना.

तेव्हा मुक्ताला मी काही समजावणार नाही. येऊ दे तिला. फक्त कॉलेजच्या आधी दोन महिने तुझ्या साईटवर उभी कर, एसीत बसून रंग-कापडांचे नमुने लावलेले मूडबोर्ड चिकटवायला नको. राजस्थानी सुतारांची टोळी अजून आहे ना तुझ्याकडं? त्यांच्याबरोबर 8 बाय 4 फुटांचा एक प्लाय तिला जिन्यावरून चढवू दे. आणि रोज संध्याकाळी तू मिशेल हो. आज जे केलं ते का केलं, विचार. गप्प बसली तर रागावू नकोस, आपणही गप्पच बसलो असतो.

आणि हो, माझा पिवळा टेप तुझ्या हत्यारांच्या पेटीत राहिलाय, 5 मीटरचा. तो तिला दे. त्याचा पुढचा हूक वाकलाय, म्हणून 10 सेंटिमीटरच्या खुणेपासून मोजायचं आणि आलेल्या मापातून 10 वजा करायचे. राजारामपुरीच्या साईटवर मी वजा करायला विसरलो होतो, आठवतंय? कपाट दहा सेंटिमीटर रुंद झालं आणि रात्री अकरा वाजता आपण दोघं ते जिन्यात उभं धरून बसलो होतो, ना वर जाईना ना खाली. तिला तो किस्सा सांग, पण कपाट कुणी कापलं ते सांगू नकोस.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
अव्या