जुना संगणक पुसण्याआधी मराठी फाइली सोडवा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे पुण्यातल्या सोसायट्यांची कार्यालये, अभ्यासिका, दवाखाने यांतले धडधाकट संगणक भंगारात निघतात. त्यांवर लिनक्स मिंट ही विंडोजच्या जागी बसणारी मोफत कार्यप्रणाली व्यवस्थित चालते. ४ जीबी रॅम असेल तर तिची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. पण ‘फुकट आहे, टाकून बघा’ असे सांगणारे एक सांगायला विसरतात, ते म्हणजे मराठी फाइलींचे काय करायचे.

सभासदांच्या याद्या, इतिवृत्ते, नोटिसा वर्षानुवर्षे श्री-लिपीसारख्या मराठी टायपिंगच्या पॅकेजच्या जुन्या फाँटमध्ये टाइप झाल्या आहेत. त्या फाइलीत मराठी अक्षरे मुळात नसतातच. असतात ती इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे. फाँट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. लिनक्सवर लिबरऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलसारखे मोफत सॉफ्टवेअर) फाइल उघडली की मुखवटा गळतो आणि डॉलर-टक्क्यांची खिचडी दिसते. म्हणून विंडोज पुसण्यापूर्वी, पॅकेज आणि त्याचा डोंगल (परवान्यासाठी संगणकाला जोडायची चावी) चालू आहे तोवरच, फाइली कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर मराठीच राहणाऱ्या अक्षरांत, आणाव्यात. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीची पीडीएफ त्याच संगणकावर काढून ठेवावी, म्हणजे रूपांतर ताडून पाहता येते. चुका बहुधा रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरांत सापडतात.

‘ऱ्ह’, ‘ऱ्या’ यांची गंमत वेगळीच. ही अक्षरे युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवली जातात: एकीत ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असते, दुसरीत साधा ‘र’, हलन्त आणि न दिसणारे एक जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखी. पण यादीत ‘कऱ्हाडे’ शोधायला जावे तर समोर असलेले नाव सापडत नाही. उपाय सोपा आहे. फाइलीतलाच ‘ऱ्’चा तो तुकडा उचलून ‘शोधा व बदला’च्या वरच्या खान्यात चिकटवावा, खालच्यात आपण टाइप करावा (इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाणित कीबोर्डमध्ये शिफ्ट धरून ‘जे’, मग ‘डी’) आणि सगळे एकदम बदलावे. मिंटमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डच्या सेटिंगमधून जोडता येतो. उच्चाराप्रमाणे टाइप करणाऱ्यांनी आयबस हे टायपिंगचे सॉफ्टवेअर आणि त्याचे एम१७एन पॅकेज घालावे.

पुढचे काम एका दुपारचे. मिंटचे डाउनलोड साधारण ३ जीबीचे, म्हणून ८ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. रूफस या विंडोजवरच्या सॉफ्टवेअरने तो संगणक चालू करण्याजोगा बनवताना त्यावरचे सगळे पुसले जाते. पेन ड्राइव्ह निवडण्यासाठी संगणक चालू करताना डेल, लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९ दाबावे. लगेच इन्स्टॉल करू नये. पेन ड्राइव्हवरूनच मिंट चालवून वायफाय, आवाज आणि प्रिंटर तपासावा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) साटा, म्हणजे डिस्कच्या जोडणीची पद्धत, बहुधा रेडवर असते, ते एएचसीआय करावे लागते. मात्र विंडोजही शेजारी ठेवायचे असेल तर हा बदल आंधळेपणाने करू नये, ते चालू होईनासे होते. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला लागणारे कुलूप) असेल तर तो आधी काढावा आणि बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्यावा.

प्रिंटर मात्र खरा त्रास देतो. एचपी लेझरजेट १०२० ला एचपीलिपचे (एचपीच्या लिनक्स ड्रायव्हरचे) जादा प्लगिन लागते, नाहीतर रांगेत काम दिसते आणि कागद काही हलत नाही. कॅनन एलबीपी २९०० चा लिनक्स ड्रायव्हर तर नवख्याने हात न लावावा असा आहे.

टॅली, पेजमेकर, कोरल ड्रॉ लिनक्ससाठी मिळत नाहीत. हिशेबनिसांनी आणि अप्पा बळवंत चौकाच्या आसपासच्या डीटीपीवाल्यांनी सगळे संगणक एकदम बदलू नयेत. डीटीपीचा विंडोजवाला संगणक इंटरनेटपासून तोडून ठेवावा, आणि ग्राहकांच्या मेल व पीडीएफची ये-जा शेजारच्या मिंटवरून करावी.

आपला,
एक वाचक, कोथरूड, पुणे