मॅडम, तो मसुदा मला दाखवलात म्हणून

प्रिय मॅडम,
नमस्कार.

कॉलवर हे बोलायला गेलो असतो तर आवाज भरून आला असता, म्हणून लिहितोय. अप्रेझलचा शेरा वर पाठवण्याआधी तुम्ही मला फोन केलात, स्क्रीन शेअर केलीत आणि म्हणालात, "तुझ्याबद्दल हे लिहिलंय. आधी तू वाच, पटणार नाही तिथे थांबव."

घरून काम करताना साहेबांचा चेहरा दिसत नाही. ऑफिसात जाता-येता दोन शब्द कानावर पडतात, त्यावरून अंदाज येतो. घरी उरतं ते चॅट. आधीच्या साहेबांच्या हाताखाली दोन वर्षं मी त्या चॅटवरच काढली. नुसतं 'ओके' आलं की वाटायचं, काही चुकलं का? ठरलेली मीटिंग ऐन वेळी रद्द झाली की पोटात गोळा. तीनदा तोंड उघडून विचारलं, तिन्ही वेळा "सगळं छान चाललंय". आणि वर्षाअखेरीला शेरा आला, 'पुढाकार कमी.' हे एकदा आधी सांगितलं असतं तर मी सुधारलो नसतो का? तो राग अजून गेलेला नाही.

चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरवर अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१५ साली छापून आला. घरून काम करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं होतं, पण त्या कामाच्या मानाने बढत्या मात्र कमी मिळाल्या. वाचताना मला माझीच दोन वर्षं आठवली.

तुमच्या मसुद्यात सगळं गोड नव्हतं. 'काम चोख, पण अडलं की उशिरा सांगतो.' मी गप्प झालो. तुम्हीही गप्प राहिलात, घाई केली नाहीत. मग मागच्या महिन्यातलं उदाहरण दिलंत: सोमवारी अडलेलं मी गुरुवारी सांगितलं होतं. खरं होतं ते. थोड्या वेळाने मी चाचरत म्हणालो, नव्या दोघांना शिकवण्यात माझे बरेच दिवस गेले, ते यात आलेलं नाही. तुम्ही "अरे हो" म्हणालात आणि तिथल्या तिथे टाइप करायला लागलात. एक शब्द चुकला, तो खोडून पुन्हा लिहिलात. माझ्या पाठीमागे माझ्याबद्दल काय लिहिलं जातं, ते मी नोकरीत पहिल्यांदाच डोळ्यांनी बघत होतो. रेटिंग किती मिळालं, हे त्यापुढे गौण आहे.

हाताखालच्या माणसाला अंधारात न ठेवणं हा साधा माणुसकीचा भाग आहे. त्यासाठी तुम्हाला अर्धा तास लागला, मला मात्र त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली.

काल पुन्हा अडलो. या वेळी दुपारीच तुम्हाला कळवलं. तुमचं उत्तर आलं, 'ओके'. वाचलं आणि जेवायला उठलो.

तुमच्या टीममधला,
एक सहकारी