अकरा महिन्यांच्या करारात धावपटू घडत नाही

मा. क्रीडा व युवक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

स.न.वि.वि.

मी महाविद्यालयात असताना तीन वर्षं क्रॉस कंट्री, म्हणजे माळरानावरची लांब पल्ल्याची शर्यत, पळाले. आता एका माध्यमिक शाळेत शिकवते. महाविद्यालयात मुलींना लांब पल्ल्याचं धावणं शिकवणाऱ्या माणसाच्या अकरा महिन्यांच्या कराराच्या नोकरीबद्दल आपल्याशी बोलायचं आहे.

2010 साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कविता राऊतनं 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं. 25 लॅप, 33 मिनिटं 5.28 सेकंद. राष्ट्रकुल स्पर्धेत ट्रॅकवर वैयक्तिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. पुढच्याच महिन्यात ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत तिनं रौप्य मिळवलं. तिचं सावरपाडा हे आदिवासी गाव त्या दिवसांत सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं. नाशिकमध्ये भोसला मिलिटरी स्कूलच्या मैदानावर तिला घडवणारे विजेंद्र सिंग मात्र त्या मानानं किती जणांच्या लक्षात राहिले?

2017 मध्ये तैपेईच्या जागतिक विद्यापीठ क्रीडा स्पर्धेत संजीवनी जाधव त्याच 10,000 मीटरमध्ये दुसरी आली. पुढच्या वर्षी चीनमध्ये आशियाई क्रॉस कंट्रीत तिनं कांस्य मिळवलं. मोनिका आथरे 2017 च्या लंडनमधल्या जागतिक स्पर्धेत मॅरेथॉन धावली. या दोघींचे प्रशिक्षकही विजेंद्र सिंगच. नाशिकमधून, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखालून एकीमागून एक मुली वर आल्या, कारण तो माणूस वर्षानुवर्षं तिथेच होता. काल चौदा वर्षांची असलेली पोर आज वीस वर्षांची झाली, तरी पहाटे शिट्टी त्याचीच वाजत होती.

साहेब, लांब पल्ल्याच्या मुलीला तयार व्हायला सहा-सात वर्षं लागतात. पहिली दोन वर्षं तर फक्त पाय आणि हाडं मजबूत करण्यात जातात. या काळात घाई केली, आठवड्याचे किलोमीटर एकदम वाढवले आणि पोटात पुरेसं अन्न नसलं, की नडगीच्या हाडाला बारीक तडा जातो आणि सगळा हंगाम हातचा जातो. मुलींमध्ये रक्त कमी असणं तर आपल्याकडे घरोघरी. सहा महिने वेळ सुधारत नाही म्हणून मुलगी रडते, आणि तपासल्यावर कळतं की हिमोग्लोबिन नऊ आहे. पाळी थांबली असेल तर ते ती कुणाला सांगणार? जिच्यावर किंवा ज्याच्यावर विश्वास बसला आहे, त्यालाच. तो विश्वास बसायलाच वर्ष लागतं. शिवाय बारावीनंतर “आता पुरे” म्हणणाऱ्या वडिलांच्या ओट्यावर बसून चहा घेत त्यांची समजूत घालणं, हेही प्रशिक्षकाचंच काम. ते कुठल्याच जाहिरातीत लिहिलेलं नसतं.

आमच्या महाविद्यालयात हे सगळं करणारे एक सर होते. करार अकरा महिन्यांचा, मानधन कधी दिवाळीनंतर, कधी परीक्षेनंतर. दुसऱ्या वर्षी आमचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्यांदा वरच्या तिघांत आला. तिसऱ्या वर्षी सरांचा करार वाढवलाच नाही. त्यांच्या जागी आलेले शिक्षक भले होते, पण त्यांचा खेळ व्हॉलीबॉल. ते आम्हाला रोज मैदानाला दहा फेऱ्या मारायला सांगायचे आणि निघून जायचे. सहा जणींपैकी दोघी दिवाळीपर्यंत टिकल्या. सोडून गेलेल्या चौघींतली एक माझ्यापेक्षा कितीतरी चांगली धावायची. तिचं लग्न त्याच उन्हाळ्यात झालं.

करार साधारण एप्रिलमध्ये संपतो. विद्यापीठाचा हंगाम पावसाळ्यानंतर सुरू होतो, पण त्याचा पाया एप्रिल-मे-जूनमध्ये, रोजच्या संथ लांब धावण्यावर घातला जातो. नेमक्या त्या दिवसांत प्रशिक्षक कागदोपत्री बेकार असतो. ज्यानं ही पद्धत ठरवली, तो कधी मैदानावर आला नसावा.

अमेरिकेत 1972 च्या कायद्यानं शिक्षणसंस्थांमध्ये मुलींना खेळातही समान संधी देणं बंधनकारक झालं. दोन वर्षांनी विस्कॉन्सिन विद्यापीठानं पीटर टेगन यांना महिलांच्या धावण्याचे प्रशिक्षक म्हणून नेमलं. ते 2004 पर्यंत, तीस वर्षं तिथेच राहिले. त्यांच्या मुलींनी राष्ट्रीय क्रॉस कंट्री विजेतेपद जिंकलं ते 1984 मध्ये, म्हणजे नेमणुकीनंतर दहा वर्षांनी, आणि पुन्हा 1985 मध्ये. आपल्या पद्धतीत तोवर टेगन यांचे दहा करार संपले असते. त्यांच्याकडचा पैसा आपल्याकडे नाही हे मला कळतं. पण दहा वर्षं थांबायची तयारी दाखवायला पैसा लागत नाही.

शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, ते असायलाच हवं. ज्यानं त्या खेळाडूला घडवलं, त्याच्या नोकरीचीही आता सोय करा. प्रत्येक जिल्ह्यातल्या निदान एका महाविद्यालयात मुलींच्या धावण्यासाठी वेगळं, पूर्णवेळ प्रशिक्षकपद निर्माण करा. महाविद्यालयातल्या शारीरिक शिक्षण संचालकांकडे प्रवेशापासून परीक्षेपर्यंत इतकी कामं असतात की त्यांच्याकडून ही अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, आणि कितीतरी ठिकाणी तर ते पदच रिकामं आहे. नेमणूक किमान सहा वर्षांची असावी आणि मध्ये बदली नको. माजी धावपटू मुलींना प्राधान्य द्या; त्यांच्यातल्या कितीतरी जणी आज मैदानापासून दूर, मिळेल ती नोकरी करत आहेत. आणि पहिल्या तीन वर्षांत प्रशिक्षकाकडून पदकांचा हिशोब मागू नका. पहिल्या वर्षी आलेल्या मुलींपैकी तिसऱ्या वर्षी किती जणी अजून पळत आहेत, एवढंच विचारा.

यंदाचे करारही एप्रिलमध्येच संपतील. त्याआधी आदेश निघाला, तर मे महिन्यात या मुलींच्या सरावाचं वेळापत्रक लिहायला कुणीतरी मैदानावर असेल.

आपली नम्र,
एक माजी धावपटू, नाशिक जिल्हा