आधी लेंडी तपासा, मग औषध द्या : पशुसंवर्धन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. पशुसंवर्धन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई.

विषय : शेळ्यांच्या न थांबणाऱ्या हगवणीचे निदान तालुक्यातच व्हावे, याबाबत.

सन्माननीय मंत्री,

सविनय नमस्कार.

मी सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ तालुक्यात गेली 14 वर्षे उस्मानाबादी शेळ्या पाळते. आज माझ्या वाडग्यात 19 शेळ्या आहेत. 2019 च्या पशुगणनेप्रमाणे राज्यात सुमारे 1 कोटी 6 लाख शेळ्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक माझ्यासारख्यांच्याच घरी, दोन-चार-दहाच्या संख्येने, बायकांच्या हाताखाली वाढतात. मुलाची फी भरायची असो किंवा सासूबाईंचे डोळ्याचे ऑपरेशन करायचे असो, आमच्याकडे बोकड विकूनच ते होते. म्हणून शेळीचे पोट बिघडले की घराचे गणित बिघडते. आपल्या खात्याचे पीपीआरचे (शेळ्या-मेंढ्यांच्या प्लेगचे) आणि पावसाळ्यापूर्वीचे आंत्रविषाराचे (आतड्यात विष तयार होण्याच्या आजाराचे) लसीकरण आमच्या गावापर्यंत पोहोचते, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. माझे मागणे वेगळे आहे आणि ते एका शेळीच्या आजारपणातून आले आहे.

शेळीची तब्येत सर्वांत आधी तिच्या लेंडीवरून कळते. सकाळी वाडगे झाडताना लेंड्या सुट्या, कोरड्या, वाटाण्याएवढ्या असल्या की मन निश्चिंत होते. मागच्या भाद्रपदात माझ्या हरणी नावाच्या शेळीच्या लेंड्या आधी एकमेकींना चिकटू लागल्या, मग त्यांचा शेणासारखा पो पडू लागला आणि आठवड्याभरात पाण्यासारखी, घाण वासाची हगवण सुरू झाली. मी जवळच्या दवाखान्यात गेले. तेथील डॉक्टरांकडे आणखी दोन ठिकाणचा कार्यभार असल्याने ते त्या दिवशी भेटले नाहीत आणि मला अल्बेंडाझोल हे जंताचे औषध मिळाले. चार दिवस बरे वाटले, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्यांदा तेच औषध औषधाच्या दुकानातून आणले, त्यानंतर तीन दिवस प्रतिजैविकाची इंजेक्शने झाली. पाचव्या आठवड्यात हरणीच्या जबड्याखाली पाणी उतरले आणि पिशवीसारखी मऊ सूज लोंबू लागली. तिच्याबरोबरच चरणारी तिची पहिल्या वेताची पाठ (तरुण शेळी) त्याच आठवड्यात दगावली. ती रात्री माझ्या मांडीवर डोके टेकून पडली होती आणि पहाटे उठलीच नाही.

शेवटी सोलापुरातील एका निवृत्त पशुवैद्यकांकडे मी हरणीची ताजी विष्ठा डब्यात घालून नेली. त्यांनी स्टीलच्या ग्लासात ती पाण्यात कालवली, चहाच्या गाळणीतून गाळली, थोडा वेळ निवळू दिली आणि वरचे पाणी ओतून दिले. असे चार-पाच वेळा केल्यावर तळाशी राहिलेला गाळ त्यांनी काळ्या ताटलीत पसरला. त्या काळ्या रंगावर तिळाएवढे, फिकट गुलाबी, हलणारे कण मला साध्या डोळ्यांनी दिसले. ते चपटे कृमी होते, म्हणजे शेळीच्या कोटीपोटात (पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात) राहणाऱ्या पर्णकृमींची पिल्ले. सूक्ष्मदर्शक त्यांनी नंतर लावला, पण उत्तर त्याआधीच ताटलीत होते.

हे कृमी आमच्याकडे कसे आले, हेही त्यांनीच समजावून सांगितले. उजनीच्या कालव्यामुळे आमच्या कोरड्या भागात पाणी आले ही मोठीच गोष्ट झाली, परंतु कालव्याच्या पाझराच्या जागी बाराही महिने दलदल राहते आणि तिथे पाणगोगलगायी वाढतात. या कृमींची वाढ गोगलगायीच्या शरीरात होते, तिथून ते काठच्या गवतावर येऊन चिकटतात, आणि पावसाळा ओसरून पाणी मागे हटले की नेमके तेच हिरवे गवत शेळ्या हौसेने खातात. पोटात गेलेली पिल्ले आधी लहान आतड्याच्या अस्तरात रुततात आणि मगच वर कोटीपोटाकडे सरकतात. सगळा त्रास या आतड्यातल्या मुक्कामात होतो. तेव्हा ती प्रौढ झालेली नसतात, त्यामुळे त्यांची अंडीही विष्ठेत सापडत नाहीत. शिवाय मिठाच्या पाण्यावर अंडी तरंगवून पाहण्याची जी नेहमीची तपासणी आहे, तिच्यात या कृमींची अंडी जड असल्याने वर येतच नाहीत, ती गाळात पाहावी लागतात. ज्या अल्बेंडाझोलवर आम्ही महिनाभर भिस्त ठेवली होती, त्याचा या पिल्लांवर भरवसा धरता येत नाही. पर्णकृमींवरच्या ऑक्सिक्लोझॅनाईड या औषधाची मात्रा हरणीचे वजन करून दिली आणि दोन दिवसांनी पुन्हा दिली. सोबत मीठ-गुळाचे पाणी, कोरडा कडबा आणि कडुलिंबाचा पाला ठेवला. कालव्याकाठचे चरणे बंद केले. बाराव्या दिवशी वाडग्यात पुन्हा सुट्या लेंड्या पडल्या, तेव्हा मी त्या ओंजळीत घेऊन घरच्यांना दाखवल्या.

मंत्रिमहोदय, माझे म्हणणे एवढेच आहे की पाच आठवड्यांनी मिळालेले हे निदान पहिल्याच दिवशी मिळू शकले असते. त्यासाठी गाळणी, ग्लास आणि वीस मिनिटे पुरेशी होती.

सगळ्या हगवणी पर्णकृमींच्या नसतात, आणि म्हणूनच तपासणीचा आग्रह आहे. महिन्याभराच्या ते पाच महिन्यांच्या करडांना होणारी रक्ती हगवण कॉक्सिडिया नावाच्या एकपेशीय जीवांमुळे होते. तिच्यावर जंताच्या औषधाचा काहीही उपयोग नसतो, तिला सल्फा किंवा अँप्रोलियम लागते आणि करडांखालची जमीन कोरडी ठेवावी लागते. रक्त पिणाऱ्या गोल कृमींमध्ये बहुधा हगवण लागतच नाही, पापणीच्या आतली त्वचा पांढरी पडते आणि जबड्याखाली सूज येते, त्यामुळे लेंडी घट्ट आहे म्हणून गाफील राहणाऱ्याची शेळी उभ्या उभ्या कोसळते. खळ्यावरची ज्वारी किंवा लग्नातले उरलेले अन्न भरमसाट खाल्लेल्या शेळीच्या पोटात आम्ल वाढून लागलेली हगवण पुन्हा निराळी. शेपटीखालचे केस मात्र बहुतेक आजारांत सारखेच चिकटलेले दिसतात, आणि आम्हाला तेवढेच दिसते.

औषधाच्या मात्रेबद्दलही लिहिणे भाग आहे. शेळीच्या शरीरात अल्बेंडाझोलसारखी औषधे मेंढीपेक्षा लवकर निकामी होतात, म्हणून तिला मेंढीच्या मानाने जास्त मात्रा लागते. आमच्याकडे मात्रा ठरते ती नजरेच्या अंदाजाने, आणि औषध वाया जाऊ नये म्हणून तो अंदाज नेहमी कमीकडेच झुकतो. अर्धवट मात्रेतून वाचलेले जंत त्या औषधाला सरावतात आणि पुढच्या वर्षी पूर्ण मात्राही लागू पडत नाही. याउलट, नुकत्याच गाभण राहिलेल्या शेळीला हे औषध देऊ नये, हे आमच्यापैकी कितीजणींना कोणी सांगितले आहे? (बाटलीने औषध पाजताना मान उंच ताणली की ते श्वासनळीत जाऊन शेळी दगावते, हे मी स्वतः एक करडू गमावून शिकले.) दवाखान्याच्या दारात एक टांगता वजनकाटा आणि शेळी अडकवायची झोळी असली, तरी मात्रेची निम्मी चूक टळेल.

सर्वांत अवघड प्रश्न जोन्स रोगाचा, म्हणजे जिवाणूंमुळे होणाऱ्या आतड्याच्या रोगाचा आहे. या रोगाची शेळी खात-पीत असूनही खंगत जाते, लेंडी कधी मऊ तर कधी बरी, आणि हे महिनोन्महिने चालते. लागण लहानपणी आईच्या दुधातून आणि लेंड्यांनी माखलेल्या चाऱ्यातून होते, लक्षणे वर्ष-दोन वर्षांनी दिसतात, बरे करणारा उपचार नाही आणि जंतू खतात व मातीत कित्येक महिने जिवंत राहतात. मथुरेजवळच्या मखदूम येथील केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने या रोगाच्या तपासण्या आणि लस यांवर काम केले आहे. आमच्या तालुक्यात मात्र खंगलेल्या शेळीची तपासणी कोठे करायची हे कोणी सांगत नाही, आणि पुण्यातील औंधची रोगनिदान प्रयोगशाळा आमच्यापासून दोनशे किलोमीटर दूर आहे. मग जे घडते ते मी स्पष्ट लिहिते, कारण ते आम्ही सगळेच करतो: औषधाला दाद न देणारी शेळी रविवारी सांगोल्याच्या बाजारात नेऊन मिळेल त्या भावाला विकतो. ती कोणाच्या तरी कळपात जाते. अशी शेळी तपासून बाधित ठरल्यास शासनाने ती वाजवी भावाने घेऊन नष्ट करावी, अन्यथा आपले नुकसान जाहीर करण्याचे धाडस कोणतीही गरीब बाई करणार नाही आणि तिला दोषही देता येणार नाही.

माझी विनंती अशी आहे की प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात आठवड्यातला एक ठरलेला दिवस लेंडी तपासणीचा असावा, त्या दिवशी गाळ पद्धत आणि तरंग पद्धत अशा दोन्ही तपासण्या विनामूल्य व्हाव्यात, आणि त्यांचा निकाल कागदावर लिहून मिळावा. 1962 या क्रमांकावर बोलावल्यावर येणाऱ्या फिरत्या पथकाच्या गाडीत गाळणी, काळी ताटली आणि वजनकाटा ठेवावा. औषधांच्या पुरवठ्यात अल्बेंडाझोलबरोबर ऑक्सिक्लोझॅनाईड आणि कॉक्सिडियावरची औषधेही असावीत. यांतील कशालाही नवी इमारत लागत नाही. मनुष्यबळ लागते, हे मला मान्य आहे, आणि एका डॉक्टरांवर तीन दवाखाने सोपवून हे होणार नाही, म्हणून रिक्त पदे भरण्याची मागणी या मागणीला जोडूनच आहे.

हे पत्र लिहीत असताना माझ्या कळपातल्या 3 शेळ्यांच्या शेपटीखालचे केस पुन्हा ओले दिसत आहेत. उद्या सकाळी मी त्यांची विष्ठा तीन वेगळ्या डब्यांत घालून, प्रत्येक डब्यावर शेळीचे नाव लिहून, आपल्या खात्याच्या दवाखान्यात घेऊन जाणार आहे.

आपली नम्र,
एक शेळीपालक,
तालुका मोहोळ, जिल्हा सोलापूर.