रेडिओची कात्री

ओमाहा, नेब्रास्का

चि. निनाद यास अनेक आशीर्वाद.

जुनी अमेरिकन गाणी तीन मिनिटांत का आटोपतात, असं विचारलंस. तबकडीवर मावेल तेवढंच, हे अर्धं कारण. खरी कात्री चालवली रेडिओनं.

१९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इथल्याच केओडब्ल्यूएच स्टेशनच्या टॉड स्टॉर्झनं हेरलं की ज्यूकबॉक्सवर (नाणं टाकून गाणं लावायच्या यंत्रावर) लोक आवडलेलंच गाणं पुन्हा पुन्हा लावतात. त्यातून ‘टॉप फॉर्टी’ घडलं, म्हणजे लोकप्रिय चाळीस गाणीच पुन्हा पुन्हा वाजवायची. पुढे १९६५मध्ये लॉस एंजेलिसच्या केएचजे स्टेशनवर कार्यक्रम आखणाऱ्या बिल ड्रेकनं यादी तिसावर आणली.

आता हिशेब कर. तासातली १५ मिनिटं जाहिराती आणि ५ मिनिटं बातम्या धर, उरली ४०. तीन मिनिटांची तेरा गाणी बसतात, सहा मिनिटांची जेमतेम सहा. लांब गाणं नावडलं की श्रोता दुसरं स्टेशन लावणार, ही धास्ती वेगळीच. म्हणून निर्माता फिल स्पेक्टरनं १९६४मध्ये ‘यू’व्ह लॉस्ट दॅट लव्हिन फीलिन’ या गाण्याच्या तबकडीच्या लेबलावर सरळ ३:०५ छापलं. गाणं होतं पावणेचार मिनिटांचं! लबाडीच ती, पण खपली.

सुरुवातीचे वाद्यांचे सेकंदही कामाचे. निवेदक त्यावर बोलतो आणि गायकानं तोंड उघडायच्या आत थांबतो. चुकला तर पहिली ओळ गिळली जाते. म्हणून रेडिओसाठीच्या प्रतींवर ‘इंट्रो’चे सेकंद छापू लागले.

एएम हा जुना रेडिओ; त्यानंतर आलेल्या एफएमनं थोडी मोकळीक दिली. एएमचाच कार्यक्रम एफएमवर दिवसभर चालवायला सरकारनं मोठ्या शहरांत बंधन घातलं, तेव्हा रिकामा वेळ भरायला लांब गाणी आली. १९६७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या केएमपीएक्सवर टॉम डोनाह्यूनं अल्बममधली गाणी मनाला येतील तशी लावली. १९७०च्या दशकात ली अब्राम्ससारख्या सल्लागारांनी त्याचीही ठरीव यादी केली. मला हे सगळ्यात खटकतं.

तुझ्या मिक्सिंगसाठी एक सांगतो. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतले लोक मिक्स गाडीतल्या रेडिओसारख्या छोट्या स्पीकरवर ऐकून बघत, कारण एएमवर खोल बास पोहोचतच नसे. तूही मिक्स मोनो करून (डावी-उजवी बाजू एकत्र करून) मोबाइलच्या स्पीकरवर ऐक. डावी-उजवीकडे पसरलेली गिटार गायब झाली, तर दोन्ही बाजूंचे फेज एकमेकांच्या उलट आहेत, म्हणजे त्यांच्या ध्वनिलहरी एकमेकींना खोडतात. एका ट्रॅकची पोलॅरिटी फिरव, म्हणजे त्याची लहर उलटी कर. बास ऐकू येत नसेल, तर आवाज चढवू नकोस, त्याला थोडं सॅच्युरेशन (हलकी विकृती) दे, म्हणजे त्याचे वरचे स्वर उमटतील.

आई-बाबांना नमस्कार.

तुझा,
काका