गटाच्या मेलला ‘स्पॅम’ म्हणू नका

संपादक महोदय,

माजी विद्यार्थी संघ, गृहनिर्माण सोसायट्या, परदेशातली महाराष्ट्र मंडळे यांचे ई-मेल गट व्हॉट्सअ‍ॅपच्या जमान्यातही चालू आहेत. दिवसाला चाळीस-पन्नास मेल येऊ लागले की वैतागलेला सभासद ‘रिपोर्ट स्पॅम’ दाबतो. त्याचा इनबॉक्स मोकळा होतो, भुर्दंड बाकीच्यांना पडतो. मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांनी स्पॅमच्या तक्रारी ०.१ टक्क्याच्या खाली ठेवाव्यात, ०.३ टक्क्यांपर्यंत जाऊच देऊ नयेत, असे जीमेल सांगते. म्हणजे हजार मेलमागे तीन. ती रेषा ओलांडली की वार्षिक सभेची नोटीसही इतरांच्या स्पॅममध्ये जाऊन बसू शकते.

यावर उपाय फिल्टर, म्हणजे ठरावीक खुणेचे मेल आपोआप वेगळ्या लेबलाखाली (कप्प्यात) टाकणारा नियम. पण तो लावला जातो पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर, नाहीतर विषयात चौकोनी कंसात येणाऱ्या गटाच्या नावावर, आणि दोन्ही फसतात. गटात पाठवणारे दोनशे. त्यात एप्रिल २०१४ मध्ये याहूने मेल खरोखर त्याच पत्त्यावरून आला का, याच्या पडताळणीचे नियम कडक केल्यापासून अनेक गट मूळ पत्त्याच्या जागी गटाचाच पत्ता घालून नावापुढे ‘व्हाया’ लावतात, तेही सगळ्याच मेलना नाही. कंस तर जीमेल शोधताना धरतच नाही. ‘[सभा]’ असा फिल्टर लावा, बँकेच्या भागधारक सभेची नोटीसही त्याच लेबलाखाली जाईल.

खरी खूण मेलच्या हेडरमध्ये, म्हणजे एरवी न दिसणाऱ्या तांत्रिक मजकुरात असते: ‘लिस्ट-आयडी’, गटाची ठरलेली ओळख. संगणकावर ब्राउझरमध्ये गटाचा एखादा मेल उघडा (मोबाइल अ‍ॅपमध्ये फिल्टर बनवता येत नाही), तीन ठिपक्यांतून ‘फिल्टर मेसेजेस लाइक दिस’ निवडा. ‘हॅज द वर्ड्स’च्या रकान्यात ‘लिस्ट:’ आणि पुढे गटाची ओळख आपसूक आलेली दिसेल. पुढच्या पायरीवर ‘स्किप द इनबॉक्स’, ‘अप्लाय द लेबल’ आणि ‘नेव्हर सेंड इट टू स्पॅम’ या तिन्हींवर खूण करा. ‘मार्क अ‍ॅज रीड’ला हात लावू नका. लेबल ठळक दिसायचे थांबते आणि महिनोन्‌महिने तिकडे कुणी फिरकत नाही.

थेट तुमच्या पत्त्यावर आलेले उत्तर इनबॉक्समध्येच हवे असेल, तर दुसरा फिल्टर करून भागत नाही. जुळणारे सगळे फिल्टर जीमेल एकदमच लावते. त्याच फिल्टरच्या ‘डझंट हॅव’ रकान्यात रोमन लिपीत ‘टू:मी’ लिहावे. आणखी एक गोंधळ नेहमीचा. आपणच गटाला पाठवलेला मेल परत आलेला दिसत नाही, म्हणून लोक तो पुन्हा पाठवतात. तो पोचलेला असतो. ‘सेंट’मध्ये प्रत आहे म्हणून जीमेल दुसरी दाखवत नाही, इतकेच.

इनबॉक्समधून हलवल्याने जागा मात्र वाचत नाही. १५ जीबीत ड्राइव्ह आणि फोटोही आले, तेव्हा जोडपत्रांचे जुने मेल अधूनमधून खोडावेच लागतात.

गट नकोच असेल तर ‘अनसबस्क्राइब’ आहे. ‘माझे नाव काढा’ हे सगळ्या गटाला कळवले की पाठोपाठ ‘माझेही’ म्हणणारे दहा मेल येतात. गटचालकांनीही बाहेर पडायचा दुवा प्रत्येक मेलच्या तळाशी, मराठीत आणि ठळक द्यावा. तो सापडत नाही आणि ‘स्पॅम’चे बटण डोळ्यांसमोर असते, म्हणून बोट तिकडे जाते.

– एक गटचालक, डोंबिवली